हात, जिव्हा आणि कान : उत्तर पेशवाईच्या वाङ्मयीन इतिहासाची काही उपेक्षित साधने

१

इंग्लंडच्या इतिहासात १८११ ते १८२० या दशकाला 'रीजन्सी' असे नाव आहे. राजा तिसरा जॉर्ज मनोविकाराने राज्यकारभारास असमर्थ ठरल्यामुळे युवराज राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहू लागला. त्यावरून हे नाव पडले. जेन ऑस्टिनच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चारही कादंबऱ्या १८११ ते १८१५ या पाच वर्षांतल्या. गेल्या काही दशकांत या कालखंडाविषयी एक वेगळाच सांस्कृतिक व्यवहार तेथे रूढ झाला आहे. कादंबरी वाचून न थांबता त्या काळातले कपडे हाताने शिवणे, त्या वेळची पक्वान्ने रांधणे, त्या वेळची नृत्ये शिकणे, टाकाने पत्रे लिहिणे असे उपक्रम उत्साहाने चालतात. बाथ या गावी २००१ पासून ऑस्टिनच्या नावाने भरणारा महोत्सव हे त्याचे ठळक उदाहरण. गतकाळ जाणून घेण्यापेक्षा तो 'जगून पाहावा' ही त्यामागची आकांक्षा आहे.

मराठीच्या अभ्यासकाने या व्यवहाराकडे हौस म्हणून दुर्लक्ष करू नये. नेमके तेच दशक मराठी सत्तेच्या अखेरचे दशक आहे. १८११ मध्ये एल्फिन्स्टन पुण्याच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आला. १८१४ मध्ये 'मॅन्सफील्ड पार्क' प्रसिद्ध झाली. १८१५ मध्ये गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरास खून झाला. जुलै १८१७ मध्ये ऑस्टिनचे निधन झाले आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. होनाजी, प्रभाकर, परशराम हे शाहीर याच काळात रचना करीत होते. रामजोशी त्याच्या आरंभी, तर अनंत फंदी १८१९ मध्ये निवर्तला. या दशकाचे आपले वाङ्मयीन ज्ञान मुख्यतः छापील संहितांवर उभे आहे. त्या संहितांमागे हाताने करण्याची, चाखण्याची आणि ऐकण्याची जी सृष्टी होती, ती वाङ्मयेतिहासाचे साधन ठरू शकते काय, आणि ठरत असेल तर कोणत्या मर्यादेत, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

२

या प्रश्नाकडे पुण्याच्या शनिवारवाड्यातून पाहण्याची आपली सवय आहे. येथे मुद्दाम निफाडच्या परिसरातून पाहावयाचे योजले आहे. गोदावरीच्या काठाने नाशिकहून कोपरगावकडे जाताना हा टापू मध्ये लागतो. दुसऱ्या बाजीरावाच्या बालपणाची आणि तारुण्यारंभाची वर्षे या वाटेच्या दोन टोकांना, कोपरगाव आणि नाशिकजवळचे आनंदवल्ली येथे, बंदिस्त अवस्थेत गेली. विंचूरची जहागीर पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेवांच्या घराण्याकडे होती. उत्तरेला चांदवडच्या डोंगराखाली अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल. महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांकडे गेला. बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे त्याच वर्षी निफाड तालुक्यातल्या आहेरगावात लपलेला असताना पकडला गेला. मराठी राज्याच्या अखेरचा हा प्रसंग राजधानीपासून दूर, एका खेड्यात घडला.

यानंतर अवघ्या चोवीस वर्षांनी, १८ जानेवारी १८४२ रोजी, निफाडलाच महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. हा योगायोग आहे, त्याला कार्यकारणाचे रूप देण्याचे कारण नाही. तथापि रानड्यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९०० मध्ये, सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशांवर जो प्रास्ताविक निबंध वाचला, तो आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. बखरकारांनी आणि ग्रँट डफने राजकीय घडामोडींपलीकडे फारसे पाहिले नाही; लोक कसे जगत होते, त्यांचे व्यवहार कोणते, हे रोजनिशीतल्या नोंदींवरून कळते, अशी त्यांची भूमिका होती. वेठ, टांकसाळी, दारूवरील निर्बंध असे विषय त्यांनी इतिहासाच्या कक्षेत आणले. त्यांचे हे पाऊल मोठे होते. मात्र रोजनिशी म्हणजे सरकारी दप्तर. त्यात वस्तूंची किंमत येते, वस्तू करणाऱ्याची रीत येत नाही. गाणाऱ्यास दिलेले बिदागीचे रुपये येतात, गाणे येत नाही. रानडे जेथे थांबले तेथून पुढचा रस्ता दप्तराबाहेरून जातो.

३

त्रिंबकजीच्याच चरित्रातला एक प्रसंग येथे उपयोगी पडेल. १८१६ च्या सप्टेंबरात तो ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला. पुढे चुनारच्या किल्ल्यात तो कैदेत असताना, १८२४ मध्ये, कलकत्त्याचा बिशप हेबर याने त्याला पाहिले आणि त्याच्या सुटकेची हकिकत आपल्या प्रवासवृत्तात नोंदवली. किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पदरी असलेला मराठा मोतद्दार घोड्याची निगा करताना त्रिंबकजीच्या खिडकीखाली गाणी म्हणत असे, पहारेकऱ्यांना त्यांचा अर्थ कळत नसे आणि सुटकेचा बेत त्या गाण्यांतून कैद्यास कळवला गेला, अशी ती हकिकत आहे. तीत दंतकथेचा अंश किती, हा इतिहाससंशोधकाचा प्रश्न. वाङ्मयाच्या अभ्यासकास तीतला गृहीत भाग महत्त्वाचा वाटावा. घोड्याला खरारा करता करता गाणे म्हणणे ही इतकी नित्याची गोष्ट होती, की तीत कोणाला संशय घेण्याजोगे काही दिसले नाही. गाणे हे स्वतंत्रपणे 'सादर' होण्याआधी कामाचा भाग होते. हातांची लय आणि शब्दांची लय यांत फारकत नव्हती. हेबरने ते गाणे इंग्रजी पद्यात दिले. म्हणजे आपल्यापर्यंत शब्दांचा अनुवाद पोहोचला आणि ज्या कामाच्या आधाराने ते गाणे चालले, ते काम मात्र गळून पडले. उत्तर पेशवाईच्या बहुतेक वाङ्मयाची आपल्या हाती आलेली अवस्था काहीशी अशीच आहे.

४

प्रथम लेखनाच्या हाताचा विचार करू. त्या काळचे कागदपत्र जुन्नरी, दौलताबादी अशा हातकागदावर बोरूने मोडीत लिहिलेले असत. मोडी वाचावयास शिकवण्याची सोय आपल्याकडे अधूनमधून होते. लिहावयास शिकवण्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. वास्तविक ही लिपी लिहून पाहिल्यावाचून तिचे वाङ्मयीन परिणाम ध्यानात येत नाहीत. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढावयाची आणि मग अक्षरे तिच्याखाली लटकवत न्यावयाची. हात शक्य तो न उचलता पुढे जावयाचे. शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने बोरू तासून असे दोन बंद लिहिले, की बखरीच्या वाक्याकडे पाहण्याची त्याची दृष्टी पालटते. बखरीतले क्रियापद वाक्याच्या अंती ठसठशीतपणे का येते, 'मग', 'ऐसे', 'त्यास' यांसारखे शब्द वाक्यारंभी वारंवार का येतात, याची शैलीवैज्ञानिक कारणे आपण शोधीत असतो. चिन्हविरहित सलग ओळीत वाक्य कोठे संपले आणि कोठे सुरू झाले हे दाखवण्याचे काम या शब्दांना करावे लागत असे, ही साधी शक्यता हातालाच प्रथम जाणवते.

दुसरा परिणाम छंदाविषयीचा आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नाही. शाहिरांच्या रचना बाडांतून उतरल्या. त्या मोडीत असोत वा ढिलाईने लिहिलेल्या बाळबोधीत, मात्रांचा निर्णय कागदावर पुरता होत नसे. तो गळ्यात होई. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, पुढे य. न. केळकरांनी पोवाडे व लावण्या परिश्रमपूर्वक जमवल्या. या संपादकांचे ऋण मोठे आहे. पण बाडातला शब्द छापताना त्याची मात्रा ठरवावी लागते आणि ती ठरवताना गाणारा समोर नसतो. छापील लावणीत जी छंदोदृष्ट्या 'सदोष' ओळ दिसते, तिचा दोष कित्येकदा रचनाकाराचा नसून लिप्यंतराचा असू शकतो.

आता विणकराचा हात. निफाडच्या पूर्वेला येवला. तेथे रेशीमकाम वसवण्याचे श्रेय परंपरा रघोजी नाईकांना देते. पैठणीच्या पदरावरची नक्षी ताण्यावर भरतकाम करून येत नाही; प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या लहान कांडीवर घेऊन, जेथे एक रंग संपतो तेथे दुसऱ्या रंगाच्या धाग्यात तो अडकवून ती विणली जाते. म्हणून अस्सल पदराला उलट-सुलट बाजू जवळजवळ सारखीच दिसते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला, की वस्त्राला 'धूपछाव' येते. नेसणारी हलली की रंग पालटतो. शाहिरी लावणीत वस्त्रालंकारांची वर्णने विपुल आहेत आणि समीक्षेने त्यांची बोळवण 'सांकेतिक नखशिखांत वर्णन' अशा शब्दांत केली आहे. मागाशेजारी बसून पाहिलेल्याला हे पुरेसे वाटणार नाही. हलत्या देहावर पालटणारे वस्त्र हे नृत्याचेच एक अंग आहे. त्याचे नाव उच्चारले जाते तेव्हा प्रेक्षकासमोर रंगाची हालचाल उभी राहते. ते विशेषण स्थिर राहत नाही. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात अशा शब्दांचे अर्थ पुष्कळ सापडतात, आणि ते सापडतात म्हणूनच आपले काम पुरे झाले असे आपल्याला वाटते.

येथे एक विरोधाभासही नोंदवावा. 'नॉर्थँगर ॲबी'त नायक हिंदुस्थानी मलमलीची पारख सांगतो आणि 'मॅन्सफील्ड पार्क'मधल्या लेडी बर्ट्रम पूर्वेकडून शाली येण्याची वाट पाहतात. म्हणजे ऑस्टिनच्या जगातले 'रीजन्सी'चे वस्त्र अंशतः हिंदुस्थानी हातांनी केलेले होते. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनीची हिंदुस्थानातील व्यापाराची मक्तेदारी संपवली आणि यंत्रावरच्या कापडाला इकडची बाजारपेठ मोकळी झाली. एकाच दशकाच्या या दोन बाजू आहेत. तिकडची हौस आणि इकडची विणकरी यांचा इतिहास वेगवेगळा लिहिता येत नाही.

५

जिव्हेचे साधन अधिक निसरडे आहे. पेशवाई म्हटले की पंक्ती, रांगोळ्या, तुपाची धार हे चित्र उभे राहते. त्याला कागदोपत्री आधारही आहे. १७८३ मधील सवाई माधवरावांच्या लग्नाच्या तपशीलवार याद्या प्रसिद्ध आहेत. परंतु या याद्या व्यवस्थेच्या आहेत, पाककृतीच्या नाहीत. मराठीतले पहिले छापील पाकशास्त्र, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र', १८७५ चे. म्हणजे पेशवाईतील पदार्थांची कृती शब्दांत उतरण्यापूर्वी निदान दोन पिढ्या हातांतून हातांत गेली. तिच्यात या काळात काय पालटले हे ग्रंथ सांगू शकत नाही. निफाडच्या शिवारात आज द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो आहे, लासलगावचा कांद्याचा बाजार देशाला ठाऊक आहे; पण आजच्या या पिकांवरून त्या काळच्या ताटाची कल्पना करणे घोर फसवे ठरेल. बाजरी-ज्वारीची भाकरी, हुलगे, तूर, गूळ, मिरची एवढ्यांवरच सामान्य कुणब्याचे ताट कल्पिता येते.

शिवाय भरल्या ताटाबरोबर रिकामे ताटही जमेस धरावयास हवे. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्यावर स्वारी केली. त्या धामधुमीत मुलूख उद्ध्वस्त झाला आणि १८०३-०४ चा दुष्काळ पडला. त्यानंतर बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती इजाऱ्याने देण्याची पद्धत वाढली. इजारदाराने रयतेकडून मिळेल ते काढून घ्यावे, असा तिचा व्यवहार होता. श्रावणातल्या दक्षिणेच्या रमण्याचे वर्णन करताना तो पैसा याच वसुलातून येत होता हे विसरता येत नाही. आजच्या 'पेशवाई थाटा'च्या भोजनात चव असेल, इतिहास नाही. कारण त्यात भुकेला जागा नाही.

तरीही स्वयंपाकघराचे एक साधन वाङ्मयदृष्ट्या अस्सल आहे, ते म्हणजे जाते. ओवी जात्यावर म्हणून पाहिली, की तिच्या चरणांतला विसावा आणि खुंट्याची फेरी यांचे नाते कळते. चौथा चरण आखूड का, याचे उत्तर कागदावर शोधण्याची गरज राहत नाही. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. या ओव्यांना कालनिश्चिती नाही, म्हणून वाङ्मयेतिहासात त्यांना कालखंड मिळत नाही. पण उत्तर पेशवाईत प्रत्येक घरी जाते फिरत होते आणि त्यावर गाणे होते, हे निश्चित. ज्या गाण्याला तारीख नाही ते त्या काळात नव्हते, असे मानण्याची आपली पद्धत दप्तराने शिकवलेली आहे.

६

कानाच्या बाबतीत आपली फसगत सर्वांत अधिक होते, कारण तेथे आपल्याला काही ऐकू येत असते. होनाजीच्या नावाची भूपाळी मराठी माणसाच्या कानात आहे. पण ती कानात आहे ती व्ही. शांताराम यांच्या 'अमर भूपाळी' (१९५१) या चित्रपटातून, वसंत देसाईंच्या संगीतातून. ते संगीत थोर आहे. मात्र ते विसाव्या शतकाच्या मध्यावरचे, वाद्यमेळ आणि ध्वनिमुद्रण यांच्या शिस्तीतले आहे. आपण होनाजी ऐकतो असे म्हणतो तेव्हा स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राने स्वतःसाठी घडवलेला होनाजी ऐकत असतो.

यावर उपाय म्हणून 'मूळ' चाल शोधावी, तर ती मिळण्याची खात्री नाही. परंतु काही गोष्टी प्रयोगातून निश्चित तपासता येतात. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त आठ मात्रांच्या पद्मावर्तनी आणि सहा मात्रांच्या भृंगावर्तनी अशा जाती सांगितल्या. विद्यार्थी त्या पाठ करतात. तीच रचना ढोलकी आणि तुणतुण्याच्या साथीने म्हटली, की आवर्तन म्हणजे कोष्टक नव्हे, पुन्हा समेवर येण्याची ओढ आहे, हे उमगते. ओळीच्या अखेरची रिकामी मात्रा रिकामी राहत नाही, ती ढोलकी भरते. कवीने सोडलेली जागा ही रचनेचाच भाग असते.

आणखी एक मुद्दा समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शाहिरी लावणीत स्त्रीच्या तोंडची प्रथमपुरुषी रचना मोठ्या प्रमाणावर आहे आणि तीतून आपण तत्कालीन स्त्रीमनाविषयी विधाने करतो. त्या काळच्या फडात स्त्रीचे सोंग घेऊन नाचणारा बहुधा 'नाच्या पोऱ्या' असे. होनाजीच्या फडात गळा बाळा करंजकराचा होता. पुरुषाने रचलेले, पुरुषाने गायलेले, पुरुषांच्या बैठकीत ऐकलेले हे स्त्रीचे 'मी' आहे. छापील पानावर हा सगळा व्यवहार अदृश्य होतो आणि केवळ 'मी' उरतो. शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये लावणी, जात आणि स्त्रीची लैंगिकता यांच्या संबंधांचा जो विचार मांडला, त्याचे महत्त्व येथे आहे. प्रयोग पाहणे म्हणजे रंजनाकडे वळणे नव्हे. कोण कोणाच्या वतीने बोलत आहे, हे विचारण्याची ती पहिली पायरी आहे.

७

येथवर जे मांडले त्यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. गतकाळ 'जगून पाहावा' असे म्हणताना आपण त्यात कोणाची जागा घेणार? बाथच्या महोत्सवात सहसा कोणी मोलकरीण व्हावयास जात नाही. एडवर्ड सैद यांनी १९९३ च्या 'कल्चर अँड इम्पिरिॲलिझम'मध्ये दाखवले, की 'मॅन्सफील्ड पार्क'च्या सुखवस्तू घराला अँटिग्वातल्या, गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या मळ्याचा आधार आहे आणि कादंबरी त्याचा उल्लेख ओझरता करून पुढे जाते. पुनःप्रत्ययाच्या हौशीला ही ओझरती जागा बहुधा दिसत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक तीव्र आहे. पेशवाईतल्या मोठ्या घरांचे दळणकांडण ज्या कुणबिणी करीत त्या विकत घेतलेल्या दासी होत्या. सरकारी कागदांत त्यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मुक्ता नावाच्या, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. इमारतींच्या पायात महार-मांगांना पुरण्याची आणि बाजीरावाच्या अमलात तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या अस्पृश्याला मिळणाऱ्या शिक्षेची स्मृती तिने त्यात लिहून ठेवली. पेशवाई संपून तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. तिच्या वाडवडिलांच्या दृष्टीने तो जगलेला काळ होता. पैठणी, पंगत आणि लावणी यांनी सिद्ध होणारा पेशवाईचा अनुभव आणि मुक्तेच्या निबंधातला अनुभव हे एकाच काळाचे आहेत. दुसऱ्याला वगळून पहिला घेणे ही निवड आहे, आणि ती निवड निरागस असत नाही. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने १९७२ मध्ये पेशवाईचेच कीर्तन, लावणी आणि नृत्य वापरून त्या काळाविषयीचे आपले सुख मोडले, हे या संदर्भात आठवावे. माध्यम तेच होते. प्रश्न वेगळा होता.

आणखी एक गोष्ट. गतकाळाचा प्रत्यय घेण्याचे जे साधन आपल्याकडे सर्वाधिक रूढ आहे ती ऐतिहासिक कादंबरी. ना. सं. इनामदारांनी 'झेप'मध्ये त्रिंबकजी आणि 'मंत्रावेगळा'मध्ये बाजीराव उभा केला. पण हा प्रकार इंग्रजीत प्रस्थापित केला तो स्कॉटच्या १८१४ च्या 'वेव्हर्ली'ने, म्हणजे नेमक्या रीजन्सीच्या काळात. मराठीत तो गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून, १८७१ पासून आला. ज्या समाजाने पेशवाई बुडवली त्याच समाजाने त्याच दशकात जे वाङ्मयीन भिंग घडवले, त्यातून आपण पेशवाई पाहतो. हे भिंग टाकून द्यावे असे नाही. ते आहे याचे भान हवे.

८

कॉलिंगवुड यांनी इतिहासलेखनाला गतकालीन विचारांची इतिहासकाराच्या मनात होणारी पुनर्घटना म्हटले. त्यांचा भर विचारावर होता. हात, जिव्हा आणि कान यांच्याद्वारे होणारी पुनर्घटना त्याहून मर्यादित आहे. ती मनोवृत्ती परत आणू शकत नाही. आज बोरू धरणारा विद्यार्थी कारकून होत नाही, जाते ओढणारी विद्यार्थिनी कुणबीण होत नाही, आणि तसे भासवणे अनुचितही आहे. पण ही साधने दोन कामे निश्चित करतात. एक, लिपी, वस्त्र, ताल, श्रम अशा संहितेतल्या ज्या जागा आपण संकेत किंवा दोष म्हणून ओलांडतो तेथे ती आपल्याला थांबवतात. दोन, आपला हात जेथे अडतो, वस्तू जमत नाही, चाल सापडत नाही, तेथे आपल्यातले आणि त्या काळातले अंतर ती मोजून देतात. पहिल्या कामाने वाचन भरीव होते. दुसऱ्याने ते प्रामाणिक राहते.

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'शाहिरी वाङ्मय' एका प्रश्नपत्रिकेपुरते उरले असताना ही सूचना अव्यवहार्य वाटण्याचा संभव आहे. तथापि तिला फारसा खर्च नाही. एक मोडी बाड, एक ढोलकीवाला, येवल्याचा एक माग, गावातली एक जाणती म्हातारी आणि त्यांच्याबरोबर वाचावयाचा मुक्तेचा निबंध इतके पुरेल. यांतले शेवटचे सोडून बाकीचे घेतले तर हाती उत्सव येईल. बाकीचे सोडून शेवटचे घेतले तर निर्णय हाती येईल, काळ येणार नाही. रानड्यांनी दप्तरातून लोकांच्या जगण्याकडे पाहिले. त्या जगण्यातल्या ज्या भागाची दप्तराने नोंद घेतली नाही, त्याचा शोध वाङ्मयाच्या अभ्यासकाने घ्यावयाचा आहे, आणि त्यासाठी केवळ डोळे अपुरे आहेत.